चष्म्यावरचा हेडफोन

कानाच्या बाबतीत मला कोणी शिकवू नये, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडायच्या कामावर लागले तेव्हा मी वीस वर्षांची होते. डोक्यावर पत्र्याचा पट्टा, एका कानावर काळी वाटी आणि समोर भोकाभोकांची भिंत, अशी आठ-आठ तास बसायचे. लाइनीत कितीही खरखर असली तरी पलीकडचा माणूस काय म्हणतोय ते मला कळायचं. बरोबरीच्या मुली अवघड लाइन माझ्याकडे ढकलायच्या. याचा मला गर्व होता. अजूनही आहे, पण थोडा कमी झालाय, आणि तो कसा कमी झाला तेच इथे सांगायचं आहे.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षं मी घर आवरलं. शेवटी एकदा नवरा म्हणाला, "अगं, तोच कप्पा तिसऱ्यांदा काढते आहेस. बिचारा आता तुला ओळखायला लागला असेल." मला राग आला, पण त्याचं खरं होतं. त्याच आठवड्यात कळलं की अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका संस्थेला तपासनीस हवे आहेत. संस्था शनिवार पेठेतच, आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर. मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन उभी राहिले.

काम सोपं होतं, निदान सांगायला. वाचक आपल्या घरी बसून पुस्तक मोठ्याने वाचतो आणि ध्वनिमुद्रण संस्थेकडे पाठवतो. तपासनिसाने छापील पुस्तक समोर धरून ते शब्दन् शब्द ऐकायचं आणि चुकलेल्या जागी पेन्सिलीने खूण करायची. वाचक तेवढा भाग पुन्हा वाचून देतो. मला मिळालेले वाचक धायरीचे एक निवृत्त मुख्याध्यापक होते. आवाज खणखणीत, वाचन स्वच्छ. फक्त अधूनमधून मागे कुकरची शिट्टी व्हायची आणि मी समासात 'दोन शिट्ट्या' असं लिहायचे.

या संस्थेची एक पद्धत मला फार आवडायची. तपासनिसाने कागदावर सही करायची नाही, कारण ती सही ऐकणाऱ्याला दिसणार नाही. प्रत्येक प्रकरण संपलं की तपासनिसाने स्वतःच्या आवाजात एक वाक्य जोडायचं: "हे प्रकरण मी पूर्ण ऐकले आहे." मी ते वाक्य पहिल्यांदा मुद्रित केलं तेव्हा चार वेळा म्हणून पाहिलं, इतकी मी खूश होते.

अडचण होती ती हेडफोनची. संस्थेने दिलेला जुना होता. त्याच्या कुशनवरचं रेक्झिन सुटलं होतं आणि त्याचे काळे कण माझ्या कानांवर, गालांवर, खांद्यांवर पडायचे. "डोक्यावर तीळ पेरले आहेस का?" असं नवऱ्याने विचारल्यावर मी तो परत केला आणि एका शेजाऱ्यांनी वापरायला दिलेला, जाळीच्या पाठीचा हेडफोन घेतला. डोक्यावर तो पिसासारखा हलका होता. पण आमची खोली रस्त्यावर आहे. बस, रिक्षा, पलीकडच्या इमारतीचं ड्रिलिंग, सगळं त्या जाळीतून आत यायचं. आणि आतलं बाहेरही जायचं. तिसऱ्या दिवशी नवरा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला, "करारासाठी प्रस्ताव आणि स्वीकृती दोन्ही लागतात, बरं का. मला आता पाठ झालंय. परीक्षा कधी आहे?"

म्हणून मी बंद पाठीचा हेडफोन ऑनलाइन मागवला. भरपूर लोकांनी भरपूर चांदण्या दिल्या होत्या. त्यात मुख्याध्यापकांचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा, आणि त्याने माझं डोकं असं आवळलं की तासाभरात कानामागून कपाळापर्यंत कळ जायची. तरी मी तो वापरला. घेतलाय तर वापरायचा, हा आमच्या घरातला जुना हट्ट. शिवाय आठ-आठ तास पत्र्याचा पट्टा घालणारी बाई मी, मला काय धाड भरली होती?

तेव्हा करार कायद्याचं पुस्तक चालू होतं. नऊ प्रकरणं, जवळजवळ सव्वीस तासांचं वाचन. चौथ्या प्रकरणाच्या शेवटच्या तासात कळ इतकी वाढली की मी डावी वाटी कानावरून मागे सरकवली, चष्मा काढून डोळे मिटले आणि पुस्तकाकडे न बघता नुसतं ऐकत राहिले. वाक्यं नीट येत होती. मुख्याध्यापक चुकायचेच कमी. प्रकरण संपलं. मी माइक लावला आणि म्हटलं, "हे प्रकरण मी पूर्ण ऐकले आहे."

दोन आठवड्यांनी संस्थेच्या संचालिकाबाईंनी मला बोलावलं. त्यांच्यासमोर एक मुलगी बसली होती. यवतमाळकडची, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला, इथे वसतिगृहात राहणारी. पांढरी काठी घडी करून मांडीवर ठेवलेली. ते पुस्तक तिच्यासाठीच वाचून घेतलं होतं.

मी "नमस्कार" म्हटलं मात्र, तिने मान वळवली. "मॅडम तुम्हीच ना? प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी असता तुम्ही."

मग बाईंनी सांगितलं. मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न होता, वयात न आलेल्या मुलाने केलेल्या करारावरचा. मुलीला त्याचं उत्तर पुस्तकात कुठेच सापडेना. वर्गातल्या मैत्रिणीने छापील पुस्तक काढून पाहिलं, तर दोन पानं वाचलेलीच नव्हती. एकशे त्रेचाळीसवरून थेट एकशे सेहेचाळीस. एका पानाचा शेवट होता 'अशा वेळी न्यायालय', आणि पुढच्याची सुरुवात होती 'नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकते'. वाक्य असं बेमालूम जुळलं होतं की नुसतं ऐकणाऱ्याला शंकाही येऊ नये. पुस्तक समोर असतं तर मात्र शाळकरी पोरालाही दिसलं असतं.

"तुमच्यावर राग नाही आला, मॅडम," मुलगी म्हणाली. "पण रडू आलं. कारण आता बाकीच्या आठ प्रकरणांवर कसा भरोसा ठेवू? मला तर पान दिसत नाही."

परीक्षा तीन आठवड्यांवर होती. बाई म्हणाल्या की सगळं पुस्तक पुन्हा तपासायला हवं, आणि मी दमले असेन तर त्या दुसऱ्या कोणाला देतील. त्यांनी ते सौम्यपणे म्हटलं, म्हणून जास्तच लागलं. चष्मा काढून डोळे मिटून बसले होते, हे मी त्या दोघींना तिथेच सांगून टाकलं. सांगताना माझा चेहरा तापला होता. मग म्हटलं, "मला दहा दिवस द्या. मीच ऐकते, पहिल्या पानापासून." बाईंनी मुलीकडे बघितलं. मुलगी म्हणाली, "ठीक आहे."

आता बोलून तर बसले होते. सव्वीस तास, त्यात थांबून मागे जाणं धरलं तर चाळीस. आणि कान तासाभराच्या वर साथ देत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंडईच्या अलीकडच्या गल्लीतल्या एका दुकानात गेले. मालक माझ्याच वयाचे, कपाळाला आठी, गळ्यात दोरीने अडकवलेला चष्मा. मी म्हटलं, "बंद पाठीचा हेडफोन दाखवा. चार-चार तास बसायचंय. फार महाग नको."

"म्हणजे स्वस्त, मस्त आणि टिकाऊ," ते म्हणाले. "सगळ्यांना तेच हवं असतं. हे बघा."

त्यांनी पाच-सहा काढले. मी चष्मा काचेच्या काउंटरवर ठेवला, केस मागे सारले आणि एकेक घालून पाहिला. त्यातला एक अगदी मऊ वाटला. किंमतही मधली होती. पाच मिनिटं ऐकलं, घेतला आणि येताना मंडईतून मेथी घेऊन आले. इतकं हलकं वाटत होतं की नवऱ्याला म्हटलं, "उगाच इतके दिवस त्रास काढला."

पाऊण तासात तीच कळ. त्याच जागी, कानाच्या वर. मी वाटी पुढे सरकवली, मागे सरकवली, पट्टा सैल केला. काही उपयोग नाही. एक प्रकरण संपवायला मला दोन दिवस लागले आणि तेसुद्धा दर वीस मिनिटांनी थांबून. दहातले तीन दिवस गेले होते. त्या संध्याकाळी मी गॅलरीत जाऊन बसले आणि चक्क रडले. कानांवर जगलेली बाई मी, आणि कानच दगा देत होते. त्याहून वाईट म्हणजे त्या मुलीला पुन्हा काहीतरी अर्धवट देण्याची वेळ येत होती.

मी तिला फोन केला. काम दुसऱ्याला द्यायला सांगते, म्हटलं, म्हणजे निदान वेळेत होईल. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मॅडम, हेडफोन कसा निवडला तुम्ही?"

"दुकानात घालून पाहिला. मऊ होता."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"पाच मिनिटं तर दगडाची उशीपण चालते जी," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच हसली. "मी आठवीपासून रोज सहा-सात तास ऐकून शिकते आहे. चार हेडफोन तोडलेत. उद्या मला सोबत घेऊन चला."

म्हणजे कानाच्या बाबतीत मला शिकवणारं कोणीतरी निघालं होतं, आणि ते माझ्या नातीच्या वयाचं होतं. मी निमूटपणे हो म्हटलं.

दुकानदारांनी आम्हा दोघींना येताना पाहिलं आणि म्हणाले, "बदलून हवाय? वापरून झाला वाटतं."

"चार दिवस त्रास सोसून झाला," मी म्हटलं. "त्याला वापरणं म्हणत नाहीत."

त्यांनी तो परत घेऊन बाजूला ठेवला आणि नवीन खोके काढले. मुलीने पहिला पाव तास आवाज लावलाच नाही. तिने प्रत्येक हेडफोन हातात घेतला. कुशन चिमटीत दाबून सोडलं आणि ते किती सावकाश वर येतं ते बोटाने पाहिलं. वाटीच्या आत दोन बोटं घातली. "कान पूर्ण आत मावला पाहिजे, मॅडम. आतल्या कापडालाही टेकायला नको. टेकला की तासाभरात दुखतो." मग पट्टा दोन्ही हातांनी फाकवून पाहिला, एका बोटावर लटकवून वजन पाहिलं, सांध्याजवळ हलवून कुरकुर ऐकली. "कुशन वेगळं मिळतं का याचं?" तिने विचारलं. "आणि वायर निघते का? आधी वायर जाते, मग कुशन जातं. ते बदलता आलं तर पाच वर्षं बघायला नको."

दुकानदारांच्या कपाळावरची आठी जराशी सैल झाली. "बसा," ते म्हणाले आणि स्टूल पुढे केलं. पुण्यात हा मोठाच मान आहे.

तिने दोन बाजूला काढले आणि त्यातला एक माझ्या हातात दिला. "आता घालून बघा." मी सवयीने चष्मा काढला, काउंटरवर ठेवला आणि हेडफोन घातला. छान मऊ. मी म्हटलं, "हा चांगला आहे."

मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही आत्ता काचेवर काय ठेवलं?"

"चष्मा."

"ऐकताना पुस्तक वाचायचं असतं ना तुम्हाला?"

मी काउंटरवरच्या चष्म्याकडे बघत राहिले. आमच्यामागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनीही हेडफोन घालून बघण्यासाठी चष्मा काढून हातात धरला होता. त्यांनी तो हळूच परत डोळ्यांवर चढवला.

"चष्मा घालून बघा," ती म्हणाली.

घातला. आणि दोन मिनिटांत ती जागा सापडली. चष्म्याची काडी आणि कुशन यांच्यामध्ये माझं डोकं चिरडलं जात होतं. महिनाभर मी हेडफोनला, वयाला, नशिबाला बोल लावत होते. तिने हात पुढे केला, मी चष्मा तिच्या हातात दिला. तिने काडीवरून बोट फिरवलं. "बापरे. ही काडी आहे की पट्टी?"

ती फ्रेम मी वर्षापूर्वी हौसेने घेतली होती. जाड, काळी. त्यात चेहरा भारदस्त दिसतो असं मला वाटायचं. घरात पहिल्यांदा घालून आले तेव्हा नवरा म्हणाला होता, "वा, न्यायमूर्ती!" तरी मी ती घालतच होते.

शेवटी आम्ही त्या दोनातला जास्त जाड आणि मऊ कुशनचा घेतला. तो सगळ्यांत महाग नव्हता, उलट पहिल्यापेक्षा थोडा स्वस्तच होता. घेण्याआधी तिने मला दुकानाच्या पायरीवर उभं केलं आणि फोनवर मुख्याध्यापकांचं वाचन लावलं. समोर हॉर्न, टेंपो, लिंबू-मिरचीवाल्याची आरोळी. "आवाज न वाढवता शब्द कळतात का?" मी मान डोलावली, मग लक्षात येऊन "हो, सगळे" म्हटलं. "मग हा बरोबर आहे. बाहेरचं बंद झालं की आवाज कमी ठेवता येतो. कान दमत नाहीत." दुकानदार बिल करताना तिला म्हणाले, "नोकरी पाहिजे असेल तर सांगा." ती म्हणाली, "वकील झाल्यावर सांगते. तुमच्या पावतीवर काय-काय छापलंय ते वाचून घेईन आधी."

घरी येऊन मी कपाटातली जुनी, तारेसारख्या काडीची फ्रेम काढली आणि चष्म्याच्या दुकानात जाऊन तिच्यात आताच्या काचा बसतील का विचारलं. थोड्या घासून बसल्या. मुलीने सांगितलं होतं त्याप्रमाणे रात्रभर हेडफोन दोन जाडजूड पुस्तकांवर ताणून ठेवला, म्हणजे पट्टा जरा सैलावतो. नवऱ्याने सकाळी ते पाहिलं. "कायद्यालाच ऐकायला लावलंस," तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून पोळ्यांची कणीक तो मळायला लागला.

पुढचे सहा दिवस मी टेबलाशी बसले. पन्नास मिनिटं ऐकायचं, दहा मिनिटं कान मोकळे ठेवायचे, हेही तिचंच सांगणं. दुसऱ्या दिवशी दुपारी घड्याळाकडे पाहिलं तर मधले थांबे धरून साडेतीन तास झाले होते. मी कानामागे हात लावून पाहिलं. कान कोमट होते, कुशनखाली घाम आला होता, पण दुखत नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी उठून नवऱ्याला जाऊन सांगितलं. त्याने विचारलं, "काय जिंकलीस?"

समोर पान, कानात आवाज, हातात पेन्सिल. आता मला शब्दच नाही, शब्दांच्या मधलंही ऐकू यायला लागलं. मुख्याध्यापक पान उलटताना किंचित श्वास घेतात. सातव्या प्रकरणात तो श्वास झाला आणि त्यामागे कागदाचा एक जरा जड आवाज आला. मी बोट पानावर ठेवून थांबले. पुढचं वाक्य माझ्या पानावर नव्हतं. ते दोन पानं पलीकडे होतं. तिथेही वाक्य जवळजवळ जुळत होतं, आणि पहिल्या वेळी कळ आली म्हणून मी तिथेही पानावरून नजर काढली असणार.

मी धायरीला फोन लावला. "सर, आणखी एक जागा सापडली."

"पुन्हा?" त्यांचा आवाज पडला. "अहो, नवं पुस्तक हाय, पानं चिकटलेली असत्याल. दोन एकदम उलटली माझ्याकडनं. मला बी कळलं न्हाई बघा." वाचताना इतके शुद्ध बोलणारे सर फोनवर त्यांच्या गावाच्या बोलीत बोलायचे, आणि मला ते फार जवळचे वाटायचे. "संध्याकाळपर्यंत वाचून देतो. कुकर बंद ठेवायला सांगतो घरात."

नववं प्रकरण दहाव्या दिवशी दुपारी संपलं. एकूण चौदा लहान चुका आणि ती आणखी दोन पानं. शेवटचं वाक्य मुद्रित करायला माइक लावला आणि पुन्हा बाजूला ठेवला. हेच वाक्य मी चौथ्या आणि सातव्या प्रकरणांच्या शेवटी खोटं म्हटलं होतं, आणि ते ज्या एकीने मनापासून ऐकलं तिने ते खरं मानलं होतं. मी पाणी प्यायले, आणि नऊही प्रकरणांची शेवटची वाक्यं पुसून सगळी नव्याने म्हटली. नऊ वेळा तेच: "हे प्रकरण मी पूर्ण ऐकले आहे." त्या दुपारी पुस्तक संस्थेत पोचलं, आणि तिथून तिच्याकडे.

दोन दिवस तिच्याकडून काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी भाजी निवडत असताना फोन वाजला. तिचा व्हॉइस मेसेज होता. मी तो हेडफोन लावून ऐकला, चष्म्यावरून.

"मॅडम, एकशे चव्वेचाळीस, पंचेचाळीस आली. सातव्यातली पण आली. सगळं ऐकलं." मागे वसतिगृहात कुणीतरी बादली ओढत होतं. "एक सांगू? आधीच्या मुद्रणात तुमचं शेवटचं वाक्य नेहमी घाईत असायचं. कुणीतरी दुखतंय म्हणून लवकर उठून जातंय तसं. मी ते ओळखायचे, पण कुणाला सांगायचं म्हणून गप्प बसले. या वेळी तुम्ही घाई केली नाही. मी आता अभ्यासाला बसते."